मडक्यातील संसार : बजरीगर पक्ष्यांची वीण व पिलांचे संगोपन

पक्षी पाळण्याची हौस आपल्या समाजाला नवी नाही. वाड्याच्या ओसरीवर टांगलेला पिंजरा, माळवदावरील कबुतरांची ढाबळ आणि परड्यातील कोंबड्यांचे खुराडे ही दृश्ये आपल्या मागील पिढ्यांच्या चांगल्या परिचयाची होती. आता घरे लहान झाली, परडी गेली, आणि हौसेने आपले रूप पालटले. आमच्या लोणी काळभोरमध्ये सोलापूर रस्त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून किंवा जुन्या गावठाणातील पडव्यांतून फेरफटका मारला, तर निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगाच्या, सतत किलबिलणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांचे पिंजरे जागोजाग दिसतात. पिंजऱ्यात बहुधा एखादे मडकेही टांगलेले असते. या मडक्यात काय घडते, किती पिले जगतात, किती दगावतात आणि का, याची चौकशी मात्र फारच थोडे लोक करतात.

गेली तीन वर्षे मी आमच्या घरी या पक्ष्यांच्या तीन जोड्या पाळल्या आहेत व त्यांच्या विणीची नोंद एका वहीत ठेवली आहे. ती वही, आणि या विषयावर जे वाचावयास मिळाले ते, यांच्या आधारे प्रस्तुत लेख लिहिला आहे. पिलांची काळजी अंडे फुटल्यावर सुरू होते असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते ती मडके टांगण्यापूर्वीच सुरू होते, आणि मडके टांगणे व काढणे हाच पाळणाऱ्याच्या हातातील सर्वांत मोठा निर्णय आहे. हे कसे, ते पुढे क्रमाने सांगतो.

नाव आणि मूळस्थान

दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही या पक्ष्याला 'लव्हबर्ड' म्हणतात. वस्तुतः लव्हबर्ड हा आफ्रिकेतील पक्षी. त्याची शेपटी आखूड असते व बांधा जाड असतो. आपल्याकडे मोठ्या संख्येने दिसणारा, लांब निमुळत्या शेपटीचा आणि डोक्यापासून पाठीपर्यंत लहरींसारख्या काळ्या रेघा असणारा पक्षी म्हणजे बजरीगर. बाजरी आवडीने खातो म्हणून 'बजरीगर', अशी व्युत्पत्ती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ऐकावयास ती गोड वाटते, पण ती खरी नाही. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भाषेत या पक्ष्याला जे नाव होते, त्याचा इंग्रजांनी केलेला हा अपभ्रंश आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, हे भाषेच्या तासाला आपण शिकतो, त्याचे हे एक घरगुती उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ साली या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर प्रथम इंग्लंडमध्ये आणले, आणि तेथून तो जगभर पसरला. 'मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस' या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'अंगावर लहरी असलेला गाणारा पोपट' असा होतो.

रानात हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात राहतो. तेथे पावसाचा भरवसा नसतो. मोठमोठे थवे पाण्याच्या व गवताच्या बियांच्या शोधात भटकत असतात. कोठे पाऊस झाला, गवत बियांवर आले आणि झाडाची पोकळ ढोली मिळाली, की ते तेथेच घाईघाईने वीण उरकून घेतात. मुबलक दाणा, पाणी आणि अंधारी ढोली हीच त्यांच्या विणीची खूण. आता आपल्या पिंजऱ्याचा विचार करा. तेथे दाणापाणी बाराही महिने असते. त्यात मडके टांगले की ढोलीही आली. रानात जी संधी कधीतरी येते, ती पिंजऱ्यात कायमची उभी राहते, आणि मादी थकेपर्यंत अंडी घालीत राहते. पिंजऱ्यातील पुष्कळशा दुःखाचे मूळ येथे आहे.

येथे कायद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील हिरवा, गळ्याभोवती कंठ असलेला पोपट पाळणे अथवा विकणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, मग तो पोपट कितीही माणसाळलेला असो. बजरीगर हा परदेशी व पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला पक्षी असल्याने त्याला ही बंदी लागू नाही. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली व २०२४ साली त्याखालील नियम आले. त्यांनुसार आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारखे पोपट त्यात मोडतात. बजरीगर त्या यादीत नाही.

जोडीची निवड

नर व मादी ओळखण्याची खूण चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती असलेल्या मऊ पट्टीवर असते. वयात आलेल्या नराची पट्टी निळी असते. मादीची पट्टी फिकट पांढरट-निळसर असते व ती विणीला आली की तपकिरी, खडबडीत होते. पांढऱ्याशुभ्र व पिवळ्याधमक पक्ष्यांत मात्र नराची पट्टी गुलाबी-जांभळीच राहते, तेव्हा तेथे घाईने निर्णय करू नये.

वयाकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे. लहान पक्ष्याच्या कपाळावरील रेघा थेट नाकाच्या पट्टीपर्यंत येतात. तीन-चार महिन्यांनी पिसे बदलली की कपाळ स्वच्छ होते आणि पुढे डोळ्यातील बाहुलीभोवती पांढरे कडे दिसू लागते. हा पक्षी चार महिन्यांचा झाला की अंडी घालू शकतो. परंतु घालू शकतो म्हणून घालू द्यावीत असे नव्हे. कोवळ्या मादीच्या अंगात अंड्याच्या कवचाला पुरेल इतके बळ नसते. दहा ते बारा महिने पूर्ण झाल्याशिवाय जोडी लावू नये, आणि चार वर्षांपुढील मादीला विणीस बसवू नये. एका मडक्यातील बहीण-भावांची जोडीही लावू नये. नर व मादी दुकानदारांकडून आणताना दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणावीत, म्हणजे हा धोका टळतो.

रंगाविषयी विद्यार्थ्यांना विशेष कुतूहल असते. रानातील बजरीगर हिरवाच असतो. पिवळा आणि निळा हे दोन रंग मिळून तो हिरवा दिसतो. पिवळे रंगद्रव्य तयार झाले नाही, की पक्षी निळा होतो. हे रंगद्रव्य बनविणारे जनुक २०१७ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले आणि त्यातील एका लहानशा बदलाने पक्षी निळा होतो असे दाखविले. निळा गुण सुप्त असल्याने दोन हिरव्या आईबापांच्या पोटी एखादे निळे पिल्लू निघू शकते. आमच्या घरी असे पिल्लू निघाले, तेव्हा शेजाऱ्यांनी अंडे बदलल्याचा संशय घेतला होता. मेंडेलचा नियम त्यांना वाटाण्याऐवजी या पिलावरून समजावून सांगता आला.

ऋतू आणि मडके

आपल्या भागात मार्चअखेरीपासून दुपारचे ऊन असह्य होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखाली तर त्याहूनही अधिक. चार-पाच पिले एकमेकांना खेटून बसलेल्या मडक्यात अशा वेळी जीव गुदमरतो. पावसाळ्यात दाण्याला बुरशी येते व मडक्यातील भुसा ओला राहतो. म्हणून ऑक्टोबरनंतर मडके टांगावे व उन्हाळा लागण्यापूर्वी काढावे, हा क्रम मी पाळतो. थंडीत लोणीसारख्या कालव्याच्या व नदीच्या काठच्या गावी पहाटेचा गारठा बोचतो, त्यासाठी पिंजऱ्याच्या तीन बाजू रात्री गोणपाटाने झाकाव्यात. चौथी बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी.

एका जोडीला निदान दोन फूट लांब व दीड फूट रुंद-उंच पिंजरा हवा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. घरट्यासाठी लाकडी पेटी किंवा कुंभाराकडील मडके वापरतात. मातीचे मडके स्वस्त असते आणि पेटीपेक्षा आतून अधिक थंड राहते. परंतु त्यात दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे आत नीट पाहता येत नाही, त्यासाठी लहान बॅटरी लागते. दुसरी उणीव अधिक गंभीर. भाजलेल्या मातीचा तळ गुळगुळीत असतो. त्यावर पिलांचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात व हाडे कोवळी असल्याने तसेच फाकून वाढतात. असा पक्षी पुढे नीट बसू शकत नाही. यावर उपाय अगदी सोपा आहे. सुताराच्या रंध्यातून निघणारी लाकडाची जाडसर सालपटे बोटभर थर होईल इतकी तळाशी पसरावीत. बारीक भुसा वापरू नये, तो पिलांच्या नाकात जातो. प्लायवुडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा तर मुळीच नको. मादी काही सालपटे बाहेर फेकते. आपण पुन्हा घालावीत.

एका पिंजऱ्यात दोन माद्या ठेवून एकच मडके टांगू नये. ढोलीसाठी माद्या जीव जाईपर्यंत भांडतात, व त्यात अंडी-पिलांचा चुराडा होतो.

दाणा आणि चुना

मुख्य अन्न राळे व बाजरी. त्याच्या जोडीला कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मक्याचे कोवळे कणीस आणि मोड आलेले मूग द्यावेत. आपल्याकडे मळ्यातील भाजी ताजी मिळते हे खरे, पण तिच्यावर औषधाची फवारणी झालेली असू शकते, म्हणून भाजी भरपूर पाण्यात धुऊनच द्यावी. पिले असताना उकडलेल्या अंड्याचा बलक व पांढरा भाग कुस्करून रोज सकाळी थोडा द्यावा व दोन तासांनी उरलेला काढून टाकावा.

अंड्याचे कवच म्हणजे चुना, आणि तो मादीच्या शरीरातूनच येतो. त्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्याला बांधून ठेवावा. हा चुना अंगी लागण्यास कोवळे ऊन लागते, तेव्हा सकाळी थोडा वेळ पिंजऱ्याच्या निम्म्या भागावर ऊन येईल असे पाहावे.

दाण्याच्या वाटीविषयी एक सूचना मी नव्या पाळणाऱ्याला आवर्जून करतो. बजरीगर दाणा सोलून खातो व फोलपट वाटीतच टाकतो. त्यामुळे वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि आत एकही दाणा नसतो. पिलांना भरवणारी जोडी अशा वाटीपुढे उपाशी राहते, आणि मडक्यातील पिले तिच्यामागोमाग. रोज दोन वेळा वाटीवर फुंकर मारून फोलपटे उडवून लावावीत.

अंडी

मडके टांगल्यावर मादी त्यात ये-जा करू लागते, नर तिला चोचीतून भरवतो. सुमारे आठ-दहा दिवसांनी पहिले अंडे येते. अंडी पांढरी, बोराएवढी, वजनाला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम असतात. ती एक दिवसाआड येतात आणि एका खेपेला साधारणतः चार ते सहा होतात. गावठी कोंबडी सर्व अंडी घालून झाल्यावर खुडूक होऊन बसते, म्हणून तिची पिले एकाच दिवशी निघतात. बजरीगरची मादी मात्र पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते. प्रत्येक अंड्याला अठरा दिवसांच्या आसपास लागतात. त्यामुळे अंडी जशी एक दिवसाआड आली, तशीच पिलेही एक दिवसाआड निघतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यामुळेच पेच उभा राहतो.

अंडे उबवण्यास बसल्यापासून सहा-सात दिवसांनी, मादी बाहेर आली असता, ते बॅटरीच्या उजेडासमोर धरले तर आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते. असे अंडे सजीव. जाळे दिसले नाही तर ते कोरे. कोरी अंडी लगेच काढण्याची घाई करू नये. नवजात पिलांना त्यांचा आधार होतो.

या काळातील मोठे संकट म्हणजे अंडे अडकणे. मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी वरखाली हलवते, जोर करते. तिला ताबडतोब ऊब द्यावी व विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. हे काही तासांचे काम असते. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये; अंडे आत फुटले तर मादी वाचत नाही.

पिले : पहिले पाच आठवडे

आपल्या पट्ट्यात कोंबडीपालन माहीत नाही असे घर विरळा. त्यामुळे बजरीगरच्या पिलालाही कोंबडीच्या पिलाचे नियम लावले जातात, आणि तेथेच घात होतो. कोंबडीचे पिल्लू अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मते व त्याच दिवशी दाणे टिपू लागते. बजरीगरचे पिल्लू उघडेबोडके, आंधळे आणि दोन ग्रॅमही न भरणारे असते. त्याला मान उचलता येत नाही, अंगाची ऊब राखता येत नाही. त्याच्यापुढे कणी टाकून काही उपयोग नाही.

पहिल्या दिवसांत आई त्याला पाठीवर उताणे करून भरवते. तिच्या जठराच्या पुढील भागात एक दाट, प्रथिनयुक्त स्राव तयार होतो, तेच त्याचे दूध. नर दाणे खाऊन मादीला भरवतो आणि मादी पिलांना. म्हणजे नर आजारी पडला तर पिले धोक्यात येतात, हे उघड आहे. पिलाच्या गळ्याखाली अन्नाची एक पारदर्शक पिशवी दिसते. ती फुगलेली असली की पिल्लू पोटभर जेवले असे समजावे. पिलांच्या प्रकृतीचा याहून सोपा दाखला दुसरा नाही.

पुढील वाढ झपाट्याने होते. आठवडा-दहा दिवसांत डोळे उघडतात व अंगावर करडी लव येते. दोन आठवड्यांच्या सुमारास पिसांच्या नळ्या फुटू लागतात व रंग ओळखता येतो. तिसऱ्या आठवड्याअखेर पिल्लू पक्ष्यासारखे दिसू लागते. तीस ते पस्तीस दिवसांत ते मडक्याबाहेर येते. परंतु बाहेर आले म्हणजे स्वावलंबी झाले असे नाही. पुढे आठ-दहा दिवस बापच त्याला भरवतो. स्वतः दाणा सोलून खाताना दोन-तीन दिवस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याला आईबापांपासून वेगळे करू नये.

या पाच आठवड्यांत आपण काय करावयाचे? दिवसातून एकदा, मादी खाण्यासाठी बाहेर आली असता, आत डोकवावे. सर्व पिले हलतात का, अन्नपिशव्या भरलेल्या आहेत का, कोणी दगावले आहे का, एवढे पाहावे व बाजूला व्हावे. मेलेले पिल्लू लगेच काढावे. 'माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतो' ही समजूत बरोबर नाही. हाताच्या वासाने नव्हे, तर वारंवार होणाऱ्या त्रासाने मादी बिथरते. घरातील लहान मुलांना पिले दाखवण्याचा मोह येतो. त्यासाठी तीन आठवडे थांबावे.

पिले दोन-तीन आठवड्यांची झाली की भुशात शीट साठते. ती पायांना चिकटून वाळते व नखे गळून पडू शकतात. पिले मऊ फडक्यात काढून ठेवून भुसा बदलावा. पायाला चिकटलेली शीट कोमट पाण्यात भिजवूनच सोडवावी, ओढू नये.

शेवटचे पिल्लू

आता मघाशी उल्लेखिलेल्या पेचाकडे वळतो. माझ्या वहीतील एका डिसेंबरची नोंद अशी आहे : एका मादीने ४ तारखेपासून १४ तारखेपर्यंत एक दिवसाआड सहा अंडी घातली. तिसरे कोरे निघाले. बाकीची पाच २२, २४, २८, ३० डिसेंबर व १ जानेवारी या दिवशी फुटली. शेवटचे पिल्लू जन्मले, तेव्हा थोरले दहा दिवसांचे होते व वजनाने त्याच्या जवळजवळ दहापट. आई मडक्यात शिरली की थोरली पिले माना उंचावून ओरडत. सर्वांत धाकटे त्यांच्या पायांखाली असे. २ तारखेला त्याची अन्नपिशवी अर्धीच भरलेली होती. ३ तारखेला सकाळी ती रिकामी दिसली व अंग थंड लागले.

अशा वेळी तीन मार्ग असतात. पहिला, निसर्गावर सोडून देणे. त्याचा अर्थ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मृत्यू. दुसरा, हाताने भरवणे. एवढ्या लहान पिलाला दिवसरात्र दर दोन तासांनी, अंगाच्या उष्णतेइतके कोमट, पक्ष्यांच्या पिलांसाठी मिळणारे तयार अन्न थेंबाथेंबाने द्यावे लागते. थोडे गरम झाले तर अन्नपिशवी भाजते, थोडे थंड झाले तर अन्न तुंबते, आणि घाई झाली तर ते श्वासनलिकेत जाते. शिवाय सुमारे पस्तीस अंशांची ऊब सतत ठेवावी लागते. गाईचे दूध तर पक्ष्यांना पचतच नाही. सकाळच्या गाडीने कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे जमण्यासारखे नाही, आणि अनुभवी माणसालाही एक दिवसाच्या पिलात क्वचितच यश येते.

तिसरा मार्ग दत्तक देण्याचा. माझ्या दुसऱ्या जोडीचे मडके त्याच आठवड्यात टांगलेले होते व त्यात दोन आणि चार दिवसांची दोनच पिले होती. धाकट्या पिलाला तळहातांच्या ओंजळीत धरून त्याच्या अंगात ऊब आणली व ती मादी बाहेर येताच दोन पिलांच्या मध्ये ठेवले. ती परत गेली. मडक्यातून आवाज आला नाही. दुपारी बॅटरीने पाहिले तेव्हा पिलाची अन्नपिशवी भरलेली होती. पक्ष्याला मोजता येत नाही, किंवा येत असले तरी तो त्याचा बाऊ करीत नाही. ते पिल्लू पुढे वाढले, व फेब्रुवारीत त्या मडक्यातून इतर दोघांबरोबर बाहेर पडले.

यावरून मी एक नियम केला आहे. वीण करावयाची तर दोन जोड्यांची मडकी एकाच दिवशी टांगावीत. एका घरी एकच जोडी असेल, तर गावातील दुसऱ्या पाळणाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. ज्या उपायाने पिल्लू वाचते, त्याची तयारी दीड महिना अगोदर करावी लागते. ऐनवेळी ती करता येत नाही.

शत्रू आणि आजार

आपल्याकडील पिलांचा सर्वांत मोठा शत्रू मुंगी. उकडलेल्या अंड्याचा कण किंवा मेलेले पिल्लू राहिले की तांबड्या मुंग्यांची रांग लागते व रात्रीतून त्या जिवंत पिलांचा फडशा पाडतात. पिंजरा चार पायांच्या स्टँडवर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, टांगलेला असल्यास तारेला ग्रीस लावावे. मुंग्या मारण्याचे खडू व भुकट्या पिंजऱ्याजवळ वापरू नयेत. त्या पक्ष्यांनाही विषारी आहेत. उंदीर, मांजर व साप यांसाठी जाळी अर्ध्या इंचाहून मोठी नसावी. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा अति तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात.

पिलांची शेपटीची व पंखांची लांब पिसे वाढता वाढता गळून पडत असतील, तर तो बहुधा विषाणुजन्य रोग असतो. १९८१ साली त्याचे प्रथम वर्णन झाले. अशा मडक्यातील पिले दुसऱ्या मडक्यात दत्तक देऊ नयेत व त्या जोडीची वीण थांबवावी. पाय फाकलेले पिल्लू पहिल्या दोन आठवड्यांत पशुवैद्याला दाखवले, तर पाय मऊ पट्टीने जवळ बांधून सरळ करता येतात. नंतर ते कठीण जाते.

माणसानेही आपली काळजी घ्यावी. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या शिटेच्या धुळीतून पोपटज्वर हा रोग माणसाला होऊ शकतो. ट्रे ओला करून, नाकाला फडके बांधून साफ करावा. पक्षी पाळणाऱ्याला ताप व खोकला आला, तर घरी पक्षी आहेत हे डॉक्टरांना सांगावे.

मडके केव्हा काढावे

पहिली खेप उडून जाण्यापूर्वीच मादी पुष्कळदा दुसऱ्या खेपेची अंडी घालू लागते. घाईला आलेली मादी मागे राहिलेल्या पिलांची पिसे उपटते, प्रसंगी त्यांना जखमीही करते. तिला क्रूर म्हणण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियाच्या माळावर पाऊस संपण्यापूर्वी होईल तेवढी पिले वाढवणे हा तिचा स्वभाव. आमच्या पडवीत तो पाऊस कधी संपतच नाही. तो संपविणे आपल्या हाती आहे. वर्षातून दोन खेपा पुरेत. दुसऱ्या खेपेची पिले बाहेर पडली की मडके काढावे, नर-मादीला वेगळे ठेवावे, अंडे व मोड आलेले दाणे बंद करून साधा आहार द्यावा, आणि संध्याकाळी पिंजरा लवकर झाकून दिवसाची लांबी कमी करावी. चार-सहा महिने विश्रांती मिळालेली मादी पुढील हिवाळ्यात ताजीतवानी दिसते.

हिशेब साधा आहे. एका जोडीच्या दोन खेपा म्हणजे आठ ते दहा पिले. ती पाच ते दहा वर्षे जगणार. त्यांना ठेवणार कोठे? आपल्याकडे काहीजण पिले जास्त झाली की पुण्यकर्म म्हणून ती उडवून देतात. त्या पक्ष्याला ना येथील अन्न ठाऊक, ना येथील शत्रू. कावळे व शिक्रे त्याच्यामागे लागतात, आणि बहुतेक पक्षी काही दिवसांतच मरतात. जे दृष्टीआड होते, त्याला सुटका म्हणण्याची आपल्याला सवय आहे, एवढेच. म्हणून मडके टांगण्यापूर्वी पिले देण्यासारखी घरे मोजावीत. चारच घरे असतील तर एकच खेप घ्यावी. एकही नसेल तर मडके टांगू नये. मडके नसलेल्या पिंजऱ्यातही जोडी आनंदाने राहते.

समारोप

डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या विणीचा अभ्यास केला, तो घराजवळच्या झाडावरील घरट्यांपुढे चिकाटीने बसून. त्यांना त्यासाठी दूरच्या जंगलात जावे लागले नाही. पिंजऱ्यातील पक्षी आणि मोकळा पक्षी यांत फार मोठे अंतर आहे, याची मला जाणीव आहे; पण पाहण्याची व टिपून ठेवण्याची शिस्त दोन्हीकडे एकच लागते. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही ती परकी नसावी.

ज्या मित्रांच्या घरी हे पक्षी आहेत, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी एक वही घालावी. मडके टांगल्याची तारीख, प्रत्येक अंडे, प्रत्येक पिल्लू, मेले असल्यास त्याचे कारण, आणि प्रत्येक पिल्लू पुढे कोणाच्या घरी गेले, ही माहिती तीत लिहावी. शेवटचा रकाना भरता येत नसेल, तर पुढच्या हिवाळ्यात मडके माळ्यावरच राहू द्यावे. आमच्या घरचे एक मडके या वर्षी तेथेच आहे.